छत्तीसपैकी चव्वेचाळीस

"कुठली बस?" आबांनी विचारलं.

मी कॉम्प्युटरचं झाकण काढून, दोन स्क्रू ओठांत धरून जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. बोलायचं तर आधी स्क्रू काढावे लागले.

"ही आतली. हिचा वेग वाढवला. सहासष्टचा शंभर केला."

आबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि आत बघू लागले. माझे वडील गणपती माळी तासगाव डेपोत ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या खाकी शर्टावर असायचा, आणि बस हा शब्द कुणीही, कुठंही उच्चारला की त्यांची मान तिकडं वळायची.

"हितं बस कुठाय?"

"रस्त्यावरची न्हवं, आबा. हा प्रोसेसर, ह्यो हिशेब करतो. ही मेमरी, हितं आकडे ठेवलेले असत्यात. दोघांच्या मधी आकड्यांची ये-जा चालती, त्या वाटेला बस म्हणत्यात."

"वाटेला बस म्हंत्यात?" आबा विचारात पडले. "मग बसला काय म्हंत्यात?"

मी हसलो. बावीस वर्षांचा होतो. उत्तर नसलं की हसायचं, एवढं शिक्षण माझं पुरं झालं होतं.

"आणि कंपनीनं किती वेग लिवलाय?"

"सहासष्ट."

"मग तू शंभरानं का पळवतुयास?"

"पळतंय म्हणून."

"कंपनीतली माणसं येडी हुती व्हय सहासष्ट लिवायला?"

"भित्री असत्यात. जपून लिवत्यात. खरी ताकद जास्तीच असती."

"आमच्या गाडीतबी असती," आबा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ब्रेक मारून बघितलास?"

हा आबांचा नेम होता. गाडी वर्कशॉपातून तपासून आलेली असो, मेकॅनिकनं कागदावर सही ठोकलेली असो, डेपोच्या फाटकापाशी आबा रिकाम्या गाडीला एकदा कचकचून ब्रेक मारायचेच. गाडी थांबली तर फाटकाबाहेर. मागं कंडक्टर पडता पडता वाचायचा आणि रोज त्याच शिव्या द्यायचा. इतक्या वर्षांत ब्रेक एकदाही निकामी निघाला नव्हता, आणि आबांनी तो मारून बघायचा एकदाही चुकवला नव्हता.

"कॉम्प्युटरला ब्रेक नसतो, आबा."

"मग नीट चाललंय का न्हाई, ते कळायचं कसं?"

"चालू झाला म्हंजे नीट चाललंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं, "बघ बाबा," म्हणाले, आणि ड्यूटीवर गेले.

ज्या कॉम्प्युटरवर मी हा पराक्रम केला तो माझा नव्हता. तो धुपकर गुरुजींचा होता आणि मी त्यांच्या 'धुपकर संगणकीय पत्रिका केंद्रा'चा ऑपरेटर होतो. सन दोन हजारचा मार्च महिना. हातानं लिहिलेल्या पत्रिकेवरचा लोकांचा विश्वास उडाला होता, आणि तीच पत्रिका कडेला भोकं असलेल्या कागदावर करकरत छापून आली की लोक ती कपाळाला लावत होते. गुरुजींना पंचांग कळत होतं, कॉम्प्युटर कळत नव्हता. मला कॉम्प्युटर कळतो अशी गावात समजूत होती आणि ती दूर करायची मला काही घाई नव्हती.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण एसटी स्टँडसमोर दुसरं केंद्र निघालं आणि त्यांनी पाटी लावली, 'पाच मिनिटांत पत्रिका'. गुरुजींचं जेवण गोड लागेना.

"भारता, आपलं यंत्र जरा वेगानं चालेल का रे?" त्यांनी दोन दिवस घोळवून विचारलं. "म्हणजे ग्रह तेच, फलं तीच. फक्त लवकर."

मी एका मासिकात वाचलं होतं. मदरबोर्डवर बडीशेपेच्या गोळीएवढी प्लॅस्टिकची टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ती एका जागेवरून उचलून शेजारच्या पिनांवर बसवली की बस शंभरानं धावते आणि तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेचा होतो. लेखाच्या तळाला बारीक अक्षरांत सूचना होती. मेमरी जुनी असेल तर तिला हा वेग झेपेलच असं नाही; एकच हिशेब चोवीस तास पुन्हा पुन्हा करून उत्तर दर वेळी तेच येतंय का ते पाहा; उन्हाळ्यात विशेष जपा. बारीक अक्षरं भित्र्या माणसांसाठी असतात असं माझं मत होतं.

परिणाम मात्र झकास झाला. पूर्वी पत्रिका मांडायला चाळीस सेकंद लागायचे, आता सत्तावीस लागू लागले. त्यानंतर ती छापायला प्रिंटर सहा मिनिटं घ्यायचा, ती तो घेतच राहिला. म्हणजे एवढा खटाटोप करून मी दर पत्रिकेमागं तेरा सेकंद वाचवले होते, आणि ते गिऱ्हाईक प्रिंटरकडं बघत घालवत होतं. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गुरुजी मनगटावरचं घड्याळ गिऱ्हाइकापुढं धरून सत्तावीस सेकंद मोठ्यानं मोजायचे, आणि प्रिंटर सुरू झाला की घड्याळ बाहीखाली जायचं. बाहेर नवी पाटी लागली, 'अतिजलद व अचूक'. रंगाऱ्यानं 'अतिजलद' एवढं ऐसपैस लिहिलं की 'अचूक'ला जागाच उरली नाही. तो त्यानं कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवला.

एप्रिल लागला आणि पत्र्याखालचं आमचं केंद्र भट्टीसारखं तापू लागलं. दुपारी बाराच्या पुढं मशीन अधूनमधून थिजायचं. मी बटण दाबून पुन्हा सुरू करायचो आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचो, "व्होल्टेज कमी आहे." आमच्याकडं ह्या वाक्यावर कुणी शंका घेत नाही.

पत्रिकाही दुपारी जरा विचित्र निघू लागल्या. ऑगस्टात जन्मलेल्या एका बाळाचा रवी मकरेत आला. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि बाळाच्या आईला म्हणाले, "बाई, जन्मतारीख चुकीची सांगितलीत."

"चुकीची कशी?" ती म्हणाली. "मीच हुते की तिथं."

गुरुजींनी ह्यावर विचार केला आणि जन्मतारखेपेक्षा कॉम्प्युटरचं ऐकायचं ठरवलं. पुढं त्यांनी एक सिद्धान्तही बांधला. दुपारी जमवायला आणलेली स्थळं मोडतात, सकाळची जमतात, तेव्हा दुपारची होराच कडक. हा सिद्धान्त ते गिऱ्हाइकांना अगदी गंभीरपणे सांगायचे. मी मान डोलवायचो. मासिकातली बारीक अक्षरं मला आठवत नव्हती असं नाही. पण जंपर मागं घ्यायचा म्हणजे आपण भित्र्या माणसांत जमा व्हायचं, आणि गावात तर मला लोक 'साडेचारशेवाला' म्हणू लागले होते.

आता अक्काचं सांगतो, कारण ही गोष्ट खरं तर तिची आहे.

माझी बहीण शालन माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बी.ए. होऊन बेदाणा निवडायच्या शेडमध्ये सुपरवायझर होती. तिला बघायला पाचसहा जण येऊन गेले होते. कुणाला उंची खटकली, कुणाला तिचं बोलणं. अक्का खोटं ऐकून घ्यायची नाही. पाहुण्यांतल्या एकानं पगार फुगवून सांगितला तेव्हा तिनं चहाचा कप त्याच्या हातात देता देता खरा आकडा सांगितला होता.

मग त्या वर्षी ती घरात अचानक 'चार डिग्री' वगैरे बोलायला लागली. शेडशेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सावळजचा जालिंदर ऑपरेटर होता. दर तासाला तापमान बघून वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो देवपूजेसारखं करायचा. अक्का सांगायची, "परवा मालकानं सांगितलं, जरा कमी करून लिव. ह्यो म्हणाला, सहा हाय तर सहाच लिवणार." हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की आई पदर तोंडाला लावून आत जायची.

जालिंदरचे वडील नव्हते. घरात मामांचा शब्द चालायचा, आणि मामा म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पर पत्रिका कॉम्प्युटरची पायजे. हातानं काय, कुणीबी लिवतंय." अक्काला हे स्थळ मनापासून हवं होतं. तिनं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून घरात सगळेच देव पाण्यात घालून बसले होते.

सकाळची वेळ घ्या, असं गुरुजींनी बजावलं होतं. पण आबांची त्या आठवड्यात सकाळची ड्यूटी, आणि सावळजहून येणारी गाडी दीडला लागायची. शेवटी दुपारी दोन ठरले. पारा बेचाळिसावर होता. एका बाकावर मामा आणि जालिंदर, समोर आबा, आणि दाराजवळच्या खुर्चीत अक्का, निळ्या इस्तरीच्या साडीत. मी कॉम्प्युटरपुढं बसलो आणि दोघांच्या जन्मवेळा घातल्या. डोक्यावर पंखा गरगरत होता. गुरुजींनी घड्याळ धरलं.

"पंचवीस... सव्वीस... सत्तावीस!"

पडद्यावर आकडा आला. मी तो मनातल्या मनात वाचला.

"मोठ्यानं सांग की," मामा म्हणाले.

"नऊ," मी म्हणालो. "छत्तीसपैकी नऊ. एकनाड."

मामांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. अक्कानं साडीच्या काठाची घडी घातली, मोडली, परत घातली. जालिंदर जागचा हलला नाही.

"भारत," आबा म्हणाले, "एकदा परत काढ."

"आबा, मशीन हाय ते. परत काढलं तरी त्येच येणार."

"येऊ दे. ब्रेक मारून बघ एकदा."

मला राग आला. चारचौघांत, माझ्या कामाच्या जागी, माझ्या साडेचारशेवर शंका? मी तिरमिरीतच बटण दाबलं. ह्या वेळी गुरुजींनी घड्याळ धरलं नाही. सत्तावीस सेकंद मला चांगलेच मोठे वाटले.

"एकतीस," मी म्हणालो. "एकनाड नाही."

मग मामांनी टोपी काढून परत मांडीवर ठेवली. "म्हंजे? खरं कुठलं?"

गुरुजी क्षणभरच गडबडले. तीस वर्षं धंद्यात मुरलेला माणूस. "दोन्ही खरे," ते म्हणाले. "नऊ आणि एकतीस चाळीस. सरासरी वीस. अठराच्या वर आहे. विवाह उत्तम."

"गुरुजी, ही लग्नाची पत्रिका हाय का परीक्षेचा पेपर?" मामांचा आवाज चढला. "काढ रं तिसऱ्यांदा!"

तिसऱ्यांदा काढलं. पडद्यावर जे आलं ते मी वाचून दाखवलं नाही. मामा स्वतः उठून आले, नाक पडद्याला लावलं आणि अक्षर अक्षर वाचलं, "छत्तीसपैकी... चव्वेचाळीस."

त्यानंतर मशीन थिजलं. आबा हळूच म्हणाले, "थांबलं की." त्यांना वाटलं, ब्रेक लागला.

मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं होतं. जुनी मेमरी, शंभराची बस, बेचाळीसचा पारा. एक वाक्य बोलायचं होतं, की मी जंपर हलवलाय, चूक माझी आहे, अर्ध्या तासात नीट करून परत काढतो. तेवढ्यात जालिंदर उठून माझ्याशेजारी आला. त्यानं डब्यावर तळहात ठेवला, ताप बघायला ठेवतात तसा.

"लई तापलंय," तो म्हणाला. "आत काय केलंय का तुमी?"

ह्याहून सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. मी अक्काकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं, दारावरच्या 'अतिजलद व अचूक' पाटीच्या मागल्या बाजूकडं बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "व्होल्टेज कमी आहे."

जालिंदरनं वर बघितलं. क्षणभरच. मग हात काढून घेतला आणि मामांना म्हणाला, "चला."

जाताना मामा दारात थांबून गुरुजींना म्हणाले, "पोरीच्या पत्रिकेनं मशीन बसवलं, गुरुजी. आमचं घर कशाला बसवायचं?" हे वाक्य त्यांना फारच आवडलं असावं, कारण दोन दिवसांत ते सावळज ते तासगाव सगळ्या थांब्यांवर पोचलं होतं. माळ्याच्या शालनच्या पत्रिकेनं कॉम्प्युटर जाळला. कुणी सांगे, धूर निघाला. कुणी सांगे, ऑपरेटरला शॉक बसला. आणि ऑपरेटर रोज दहाला कामावर जाऊन, कॉलर ताठ करून, लोकांना सांगत होता की व्होल्टेजचं काही खरं नाही.

मी गप्प राहिलो. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. नोकरी जाईल, गुरुजींची लाज जाईल, तीन महिन्यांच्या पत्रिका परत काढाव्या लागतील, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण एवढंच की लोक मला हुशार समजायचे आणि मला ते सोडवत नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी अक्का शेडवरून आली. आईनं टेप लावायला सांगितला. अक्का टेपपाशी गेली, आणि हात मागं घेऊन माझ्याकडं वळली.

"लावू का रं?" तिनं विचारलं. "बंद न्हाई ना पडणार?"

मी हसायला गेलो. ती हसत नव्हती.

"शेडमधी आता मला इलेक्ट्रॉनिक काट्याला हात लावू देत न्हाईत," ती म्हणाली. "बाया म्हंत्यात, शालनताई, तुमी लांबनंच बघा. आणि मला खरंच भ्या वाटतं रं. मी हात लावला आणि पडला बंद तर?"

बी.ए. झालेली, माणसांची खोटी बोलणी हातात चहासकट परत देणारी माझी बहीण एका टेपरेकॉर्डरला भीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुद्दाम दोन वाजता, मी झाकण काढलं, जंपर सहासष्टवर आणला आणि दोघांची पत्रिका काढली. चाळीस सेकंद. सत्तावीस गुण, एकनाड नाही. परत काढली. सत्तावीस. तहानभूक विसरून दहा वेळा काढली, दहाही वेळा सत्तावीस. मासिकातल्या त्या भित्र्या माणसांनी मला हेच करायला सांगितलं होतं.

मी गुरुजींना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले.

"तीन महिन्यांत कुणाची तक्रार आली?"

"नाही, पण..."

"मग?" ते म्हणाले. "एवढ्या चुकीच्या पत्रिका गेल्या, आणि एकाचंही काही अडलं नाही. तू परत शंभरावर कर. स्टँडसमोरच्यांनी आता 'चार मिनिटांत' लावलंय."

मी जंपर सहासष्टवरच ठेवला, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि ती नोकरी सोडली.

सत्तावीसचा कागद खिशात घालून मी आबांच्या साडेतीनच्या सावळज गाडीत, केबिनमागच्या सीटवर बसलो. फाटकाजवळ त्यांनी ब्रेक मारला. मी आणि कंडक्टर दोघंही पुढं आदळलो. गाडी गावाबाहेर पडली तसं मी त्यांच्या पाठीशी सगळं बोललो. जंपर, पारा, आठ दिवस. मागून एक म्हातारा ओरडत होता, "ड्रायव्हर, जरा ताणा की!" आबांच्या पायानं काही ऐकलं नाही. सावळजच्या थांब्यावर गाडी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उतर. धा मिन्टं थांबतो. तुझं तू सांगायचं."

मामा ओट्यावरच होते. जालिंदर आत पाण्याची मोटर उघडून बसला होता, तो हात पुसत बाहेर आला.

"मामा, चूक माझी होती," मी म्हणालो. "अक्काच्या पत्रिकेत काही नाही. मी बसचा वेग वाढवला होता, म्हणून सगळं चुकत होतं."

मामांनी थांब्यावरच्या लाल गाडीकडं बघितलं. "गणपती ड्रायव्हरच्या गाडीचा वेग वाढला? कधी? वीस वर्सं आमी त्येला ताण ताण म्हंतोय."

"ती बस नाही. कॉम्प्युटरच्या आतली."

"कॉम्प्युटरच्या आत बस?" मामा हसले, पण डोळ्यांनी हसले नाहीत. "त्या दिशी व्होल्टेज हुतं. आज बस हाय. उद्या रेल्वे आणशील."

मी कागद पुढं केला. "आता बरोबर चाललंय, मामा. दहा वेळा काढलं. सत्तावीस."

"त्या दिशीबी तू बरोबरच म्हणत हुतास की," मामा म्हणाले आणि कागद हातातही घेतला नाही. मग त्यांना माझी दया आली असावी. आतून पेढा आणवला. "घे. जालिंदरचं जमलं परवा. कवठ्याची पोरगी. तेहतीस गुण. तुमच्याच केंद्रातनं काढलं, तू जेवायला गेलातास. गुरुजींनी सोताच्या हातानं काढलं."

परवा. दुपारी. जंपर शंभरावर असताना. मी पेढा हातात धरून उभा राहिलो. जालिंदर माझ्याबरोबर थांब्यापर्यंत चालत आला. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "म्हंजे ते तेहतीसबी..."

"माहीत नाही. काही पण असेल."

"असू दे. शब्द गेलाय. आता कुणाला सांगू नगंस." मग तो थांबला. "आणि एक सांगू? गुणांचं मला काय नव्हतं. मामा चार दिस चिडला असता, मी ऐकलं नसतं. पर पोरीचा भाऊच मशीनवर. आकडा येतो नऊ, मग एकतीस, मग चव्वेचाळीस. मी म्हटलं, यंत्र हाय, बिघडतंय. म्हणून तुला सरळ इचारलं, काय केलंय का. तू म्हणालास व्होल्टेज."

"मग?"

"डोक्यावर पंखा फुल्ल फिरत हुता," जालिंदर म्हणाला. "मला वाटलं, ही माणसं कायतरी लपवत्यात. तवा मी उठलो."

आबांनी हॉर्न दिला.

घरी येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. पंख्यासकट. तो भाग गाळता आला असता, आणि गाळावा असं वाटेभर वाटतही होतं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं मान वर करून आमच्या घरातल्या पंख्याकडं बघितलं.

"नऊ आले तवा मला रडू आलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, नशीब. नशीब न्हवतं व्हय रं. तू हुतास."

मग तिनं उठून टेप लावला. तो लागला. ती उभ्या उभ्या त्याच्याकडं बघत राहिली, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं.

अक्कानं पुन्हा पत्रिका काढू दिली नाही आणि लग्नही केलं नाही. पुढं एसटीत बायकांची भरती झाली तेव्हा ती कंडक्टर झाली. आज तासगाव स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत बसते आणि माइकवरून सांगते, "सावळज गाडी वीस मिनिटं उशिरा आहे, कारण ड्रायव्हर उशिरा आला." ड्रायव्हर लोक तिला टरकून असतात. जालिंदरचं बरं चाललंय. त्या तेहतीस गुणांचे खरे किती होते ते कुणी मोजलं नाही, आणि गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे कुणाचं काही अडलंही नाही.

मी पुण्यात एका रक्तपेढीचे कॉम्प्युटर सांभाळतो. नवी पोरं म्हणतात, सर, आपली मशीनं जरा ढिली चालतात, वाढवू या का वेग? मी त्यांना बाटल्यांवरच्या रक्तगटाच्या चिठ्ठ्या दाखवतो आणि कामाला लावतो. एकच हिशेब, दहा वेळा.

गेल्या मे महिन्यात तासगावला गेलो. आबांचं वर्षश्राद्ध झालं होतं आणि मी त्याला पोचलो नव्हतो. अक्काच्या केबिनमध्ये बसलो, चहा आला.

"यायचंच होतं गं," मी म्हणालो. "तिकीटसुद्धा काढलं होतं. पण ऐन वेळी सर्व्हर बंद पडला आणि..."

अक्कानं कप खाली ठेवला आणि मान वर करून पंख्याकडं बघितलं.

पंखा फुल्ल फिरत होता.

"तिकीट काढलं नव्हतं," मी म्हणालो. "तुझं जे केलं ते घेऊन आबांच्या फोटोपुढं उभं राहायचं धाडस झालं नाही."

"हां," अक्का म्हणाली, आणि माझा चहा माझ्याकडं सरकवला.